चार वर्षांच्या मुलीपुरती भाषा

हॉस्पिटलच्या बॉयलरघरात सगळे त्यांना मौनीबाबा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी वाफेशी संसार केला होता आणि या संसारात बोलायची वेळ फारशी येत नसे. काचेतली पाण्याची पातळी बघायची, प्रेशरचा काटा बघायचा, तासातासाला वहीत आकडा लिहायचा. बर्नरचा आवाज जरा घोगरा झाला की मौनीबाबा नुसतं बोट वर करत आणि फिटर हातातलं काम टाकून धावत जाई.

वाफेची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती बोलण्याची. अनोळखी माणूस समोर आला की घशाला कोरड पडायची, तळहात गार व्हायचे आणि शब्द तोंडाच्या दारापर्यंत येऊन मागे फिरायचे. बायको गमतीने म्हणायची, "लग्नात यांनी हो म्हटलं ते शेवटचं." पण तिलाही ते खुपत असे. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, असं ती पुटपुटायची, कारण त्यांच्या मागून कामाला लागलेले दोघं त्यांच्या डोक्यावर साहेब होऊन बसले होते.

मुलगा परदेशात गेला, तिथलीच मुलगी करून राहिला. नात चार वर्षांची झाली. तिला आईची भाषा येई, बापाची समजत नसे. दर रविवारी मोबाइलवर ती दिसायची तेव्हा आजी हातवारे करून, गाल फुगवून काहीतरी जमवून घ्यायची. मौनीबाबा मात्र फोन वाजला की गच्चीवर कपडे आणायला जायचे.

एका रविवारी ते सापडले. नातीने त्यांच्याकडे टक लावून बघितलं आणि आईला काहीतरी विचारलं. मुलगा हसला. "बाबा, ती विचारतेय, आजोबांना जीभ नाहीये का?"

सगळे हसले. मौनीबाबाही हसले. पण रात्रभर ते वाक्य घशात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं.

मुलाने त्यांच्या मोबाइलमध्ये एक बोलणारं यंत्र घालून दिलं. "माणूस नाहीये, बाबा. एआय आहे. तुम्ही बोला, ते बोलेल. चुकलात तर सांगेल. हसणार नाही."

आठ दिवस त्यांनी त्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी पाळी संपल्यावर ते पाणी मऊ करायच्या टाक्यांमागे, त्यासाठी लागणाऱ्या मिठाच्या पोत्यांवर जाऊन बसले आणि बटण दाबलं. बाईच्या आवाजात नमस्कार आला. मौनीबाबांच्या छातीत असं धडधडलं, जणू परीक्षेला नाव पुकारलं होतं. त्यांनी घाईघाईने फोन बंद केला. मग पुन्हा सुरू केला.

"माझं चुकेल," ते मराठीत म्हणाले.

"चुकू द्या," आवाज म्हणाला. "घाई नाही. तुम्हाला कोणाशी बोलायचंय?"

"नातीशी. चार वर्षांची आहे."

"मग चार वर्षांच्या मुलीशी बोलतात तेवढंच शिकू. आणि एक सांगून ठेवते, माझंही चुकू शकतं. शंका आली तर सूनबाईंना विचारून घ्या."

त्या दिवसापासून रोज दुपारी अर्धा तास. ये. बस. गरम आहे, हात लावू नको. कुठे दुखतं? मी इथेच आहे. डोळे मीट. दहापर्यंत मोज. कधी आवाज नात व्हायचा आणि त्यांना प्रश्न विचारायचा, आणि मौनीबाबा पोत्यांवर बसून घामाघूम होऊन उत्तर द्यायचे. वाक्य चुकलं की आवाज तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हणायचा. दहादा चुकलं तर दहादा. आकडे मोजताना सात हमखास गळायचा. सहा, आठ, नऊ.

फिटरला संशय आलाच. टाक्यांमागून बाईचा आवाज येतो म्हटल्यावर तो कान देऊन गेला आणि सगळ्या धोबीखान्यात सांगत सुटला, "मौनीबाबांनी या वयात बाई ठेवली! आणि तीही परदेशी!" दोन दिवस लोक हसले. मौनीबाबांच्या कानशिलांवर आग झाली. तिसऱ्या दिवसापासून ते टाक्यांच्या खोलीचं दार आतून लावून बसू लागले. पाच महिन्यांत त्यांना बरंच समजू लागलं. पण खऱ्या माणसासमोर त्यांनी त्या भाषेतला एक शब्दही काढला नव्हता. रविवारी अजूनही ते गच्चीवर जात. उद्या बोलू, पुढच्या रविवारी बोलू, असं स्वतःला सांगत.

अशातच नवे बर्नर बसवायला एक इंजिनियर आला. सुनेच्याच देशाचा. उंचापुरा, दाराएवढ्या खांद्यांचा माणूस. त्याच्याबरोबर दुभाष्या होता, त्यामुळे मौनीबाबा निर्धास्त होते. तरी इंजिनियर दिसला की ते टाक्यांच्या बाजूला सरकत. मला त्याची भाषा येते हे कळलं तर तो बोलेल आणि तो बोलला तर उत्तर द्यावं लागेल. नकोच ते.

तो मंगळवार होता. एक नंबरचा बॉयलर दोन दिवस बंद ठेवून थंड केला होता. बर्नर बसवण्याआधी इंजिनियरला आत शिरून ट्यूब बघायच्या होत्या. दोन नंबर चालूच होता, कारण धोबीखान्याला आणि ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायला वाफ लागते. दोन्ही बॉयलर एकाच मोठ्या पाइपाला जोडलेले. मध्ये एकामागोमाग दोन व्हॉल्व्ह. ते दोन्ही बंद करून मौनीबाबांनी सकाळीच कुलूप घातलं होतं, किल्ली खिशात होती.

पण ते व्हॉल्व्ह म्हातारे झाले होते. बंद केले तरी जराशी वाफ सोडत. तीनदा त्यांनी वहीत तसं लिहिलं होतं, तीनदा साहेबांनी खाली सही केली होती आणि तीनदा काहीच झालं नव्हतं. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये निचऱ्याची एक बारीक नळी होती, ती उघडी ठेवली की सुटलेली वाफ पाणी होऊन बाहेर ठिबकायची. तेवढ्यावर भागत होतं.

दुभाष्या त्या सकाळी सुट्या भागांची पेटी सोडवायला कस्टममध्ये गेला होता. इंजिनियरला वाट बघायची नव्हती. त्याने व्हॉल्व्हकडे बोट केलं आणि आपल्या भाषेत विचारलं, "हे पूर्ण बंद आहे? पूर्ण?"

देखभालीचे साहेब मान हलवत म्हणाले, "येस, येस." फिटरनेही अंगठा वर केला.

मौनीबाबांना प्रश्न कळला होता, शब्द न् शब्द. उत्तरही येत होतं. 'नाही, पूर्ण नाही,' एवढंच. ते जिभेवर आलं आणि तिथेच थिजलं. साहेब बघतील. फिटर हसेल. उच्चार चुकेल. तो पुढे काहीतरी विचारेल आणि मला कळणार नाही. एवढ्यात इंजिनियर शिडी चढून वर गेला. मौनीबाबांनी मनाची समजूत घातली, नळी उघडी आहे, काही होत नाही.

बॉयलरच्या पाठीवर माणूस जेमतेम शिरेल एवढं अंडाकृती तोंड होतं. इंजिनियर दिवा घेऊन त्यातून आत उतरला आणि ट्यूबांवर पालथा पडून अंगाच्या लांबीएवढा पुढे सरपटत गेला. पाच मिनिटं ठोकल्याचा आवाज येत राहिला. मग काहीतरी घसरलं, दिवा आपटून फुटला आणि आतून ओरडणं ऐकू आलं.

फिटर शिडी चढला आणि तसाच खाली आला. "अडकला, बाबा! पुढे कडेच्या फटीत घसरलाय, डोकं खाली आणि हात अंगाखाली! मला तर आत शिरताही येत नाही."

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यांनी अग्निशामक दलाला फोन लावला. "पंचवीस मिनिटं म्हणतात," ते म्हणाले आणि कपाळ पुसत राहिले.

आतून एकच ओरडा पुन्हा पुन्हा येत होता. दोन नंबरच्या घरघरीत तो फुटून, घुमून येई. साहेबांना त्या भाषेतले चार शब्द ठाऊक होते. ते एकदम म्हणाले, "पाणी! पाणी म्हणतोय तो. गुदमरला असेल. होज आण रे, गार पाणी सोड आत!"

फिटर होज ओढू लागला. मौनीबाबा शिडीवर पोचले होते. त्यांनी बॉयलरच्या तोंडापाशी कान नेला. तो नुसतं पाणी म्हणत नव्हता. त्याआधी एक शब्द होता, त्यांनी मिठाच्या पोत्यांवर बसून शेकडो वेळा म्हटलेला.

गरम. गरम पाणी. मानेवर.

त्यांनी वाकून निचऱ्याच्या नळीकडे पाहिलं. नळीचं तोंड कोरडं ठणठणीत होतं. आत धरलेल्या गंजाच्या खपलीने ती तुंबली होती. बाहेर पडायचं ते पाणी बॉयलरमध्ये ठिबकत होतं, त्या माणसाच्या मानेवर. आणि आता वरून होज सोडला, तर ते पाणी नेमकं त्याच फटीत साठणार होतं, जिथे त्याचं तोंड होतं.

मौनीबाबांना सकाळचा प्रश्न आठवला. पूर्ण बंद आहे? हे माझ्यामुळे, असं मनात आलं.

"होज टाक!" ते ओरडले.

फिटर जागच्या जागी थांबला. एकतीस वर्षांत त्या माणसाचा ओरडा कोणी ऐकला नव्हता.

"पाणी मागत नाहीये तो! गरम पाणी पडतंय म्हणतोय! दोन नंबर बंद कर!"

"अहो, बंद कसा करता?" साहेब म्हणाले. "वर ऑपरेशन चालू आहे."

"मॅट्रनबाईंना फोन लाव," मौनीबाबा फिटरला म्हणाले, "आणि मला दे."

फिटरने फोन वर दिला. सगळ्या नर्सच्या वरच्या मॅट्रनबाई कडक होत्या. त्यांच्यापुढे मौनीबाबा एरवी मानही वर करत नसत.

"बाई, वाफ बंद करतोय. माणूस अडकलाय."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

"करा बंद. इथलं मी बघते."

फिटरने बर्नर बंद केला. तरी पाइपातली वाफ सोडायला हवी होती आणि ती सोडली की छप्पर उडेल असा आवाज होतो. आतला माणूस अंधारात उलटा अडकलेला. त्याला वाटेल, आपल्यावरच वाफ आली. घाबरून तो धडपडेल आणि आणखी रुतेल. वाफेला त्या भाषेत काय म्हणतात, मौनीबाबांना ठाऊक नव्हतं. चार वर्षांच्या मुलीला वाफ कशाला लागते?

मोबाइल बाहेर कपाटात होता. फिटरने तो धावत आणला, त्यांनी बटण दाबून तोंडापाशी धरला. पण आतला ओरडा भिंतींवर आपटून एवढा विस्कटला होता की आवाज म्हणाला, "मला नीट ऐकू येत नाहीये. पुन्हा सांगाल?" त्यांनी मोबाइल परत दिला आणि कंबरेपर्यंत आत वाकले. उबट, गंजाचा वास अंगावर आला. हात लांबवला तेव्हा एका बुटाचा घोटा सापडला. तो थरथरत होता.

"ऐक," ते त्या भाषेत म्हणाले. आवाज फाटला. पुन्हा म्हणाले, "ऐक. मी आजोबा."

कोणाशी बोलतोय हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. शब्द फक्त तेवढेच होते.

आतला ओरडा थांबला.

"मोठा आवाज होणार. खूप मोठा. बाहेर. तुझ्याकडे नाही. घाबरू नको, बाळा."

मग त्यांनी मागे हात हलवला आणि फिटरने वाफ सोडली. बॉयलरघर हादरलं. हातातला घोटा ताठला, झटके देऊ लागला. मौनीबाबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि कोणाला ऐकू जात नसतानाही म्हणत राहिले, मी इथेच आहे, मी इथेच आहे. फिटरने उघडला तो बरोबर व्हॉल्व्हच आहे ना? त्याने चुकून दुसरा फिरवला तर? मान वळवून बघावं तर हात सोडावा लागला असता.

आवाज विरत गेला. थेंब थांबले का, ते विचारायला शब्द नव्हता. "गरम?" त्यांनी विचारलं.

"नाही," आतून आलं. मग रडण्यासारखा श्वास, एकावर एक, तुटका.

"कुठे दुखतं?"

खांदा, तो म्हणाला. हात. श्वास येत नाही.

"डोळे मीट. माझ्याबरोबर दहापर्यंत मोज. हळू." मौनीबाबांनी सुरू केलं. "एक. दोन. तीन." आतून घोगरा आवाज मागोमाग येऊ लागला. "चार. पाच. सहा. आठ."

मग अंधारातून, दम खात, "सात."

"सात," मौनीबाबा म्हणाले. "हो. सात. पुन्हा."

किती वेळा मोजलं कोण जाणे. दर वेळी त्यांचं सहानंतर आठ व्हायचं आणि दर वेळी आतला माणूस त्यांना थांबवायचा. थांबवायला त्याला श्वास घ्यावा लागे. हळूहळू ते श्वास लांब झाले. अंग सैल पडलं तसा त्याचा अडकलेला हात इंचभर मोकळा झाला. अग्निशामक दलाचे लोक आले, एक सडपातळ जवान आत शिरला, पट्टा बांधला. पायांकडून ओढत त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याची मान आणि खांदा भाजून लाल झाला होता आणि हात वेडावाकडा लोंबत होता. पण तो जिवंत होता. हॉस्पिटल तर शंभर पावलांवर.

सगळ्यांनी मौनीबाबांच्या पाठीवर थापा मारल्या. फिटर रडवेला होऊन म्हणाला, "बाबा, तुमच्या बाईने वाचवला त्याला!" मौनीबाबा कोपऱ्यात जाऊन ओकले.

कौतुकाने त्यांना झोप येईना. तिसऱ्या दिवशी ते मिठाच्या पोत्यांवर बसले आणि आवाजाला म्हणाले, "एक वाक्य हवंय. मुलीसाठी नाही." सकाळचा प्रश्न, आपलं गप्प राहणं, सगळं त्यांनी सांगितलं. "त्याने विचारलं तेव्हा मला समजलं होतं. मी बोललो नाही. हे कसं म्हणायचं?"

आवाज म्हणाला, "हे त्याला सांगायचं ठरवलंय तुम्ही?"

"भीती वाटते. पण ठरवलंय."

"मग वाक्यं लहान ठेवू. क्रियापदांची रूपं बदलतील, ती आधी घेऊ. आणि हे मोठ्या माणसाशी आहे, तेव्हा मुलांशी बोलतो तसं 'तू' नको."

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की एवढ्या मोठ्या इंजिनियरला आपण बाळा म्हणालो. कान तापले. दीड तास ते तीच तीन वाक्यं घोकत राहिले.

वॉर्डात इंजिनियर कुशीवर पडला होता. दुभाष्या शेजारी होता, पण मौनीबाबांनी त्याला हाताने थांबवलं. ते उभ्याउभ्या बोलले. "त्या सकाळी तुम्ही विचारलं. मला समजलं होतं. मी भीतीने बोललो नाही."

इंजिनियरने त्यांच्याकडे बघितलं. मग चेहरा भिंतीकडे वळवून काहीतरी म्हणाला.

"पुन्हा सांगा," मौनीबाबा म्हणाले. "हळू."

"आज नको," तो म्हणाला. "उद्या या."

ते दुसऱ्या दिवशी गेले. त्याही दिवशी फार बोलणं झालं नाही. चौथ्या भेटीत इंजिनियरने सांगितलं की नळी आपणही हाताने तपासायला हवी होती, घाई आपलीही होती. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मौनीबाबांनी मागितलंही नाही. जाण्याआधी त्याने वाफेचा शब्द मात्र शिकवला.

चौकशी झाली. मौनीबाबांनी लेखी जबाब दिला, त्यात स्वतःचं गप्प राहणंही लिहिलं. फिटर म्हणाला, "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?" त्यांची एक वेतनवाढ थांबली. साहेबांची बदली झाली. दोन्ही व्हॉल्व्ह नवे आले. आता बॉयलरमध्ये कोणी उतरायच्या आधी मौनीबाबा शिडीशी उभं राहून मोठ्याने सांगतात, काय बंद आहे, काय नाही. दर वेळी आवाज कापतो. तरी सांगतात.

वर्ष सरता सरता मुलगा घरी आला. विमानतळावरून गाडी दाराशी थांबेपर्यंत मौनीबाबा तीनदा शर्ट बदलून बसले होते. नात उतरली आणि त्यांना बघताच आईच्या मागे लपली. ओढणीच्या टोकाआडून फक्त एक डोळा दिसत होता, भेदरलेला. तिलाही अनोळखी माणसांचं असंच होतं, सून म्हणाली. शाळेतही महिना महिना तोंड उघडत नाही.

मौनीबाबा अंगणातच खाली बसले. कोणी घाई करू नका, असं त्यांनी हातानेच सगळ्यांना सांगितलं. सामान आत गेलं, माणसं आत गेली. ऊन भिंतीवर चढलं. बऱ्याच वेळाने मुलगी दोन पावलं पुढे आली, बुटाचा सुटलेला बंद त्यांच्यासमोर धरून उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात तिने काहीतरी विचारलं. त्यांना निम्मंच कळलं.

"हो," ते तिच्या भाषेत म्हणाले आणि बंद बांधायला वाकले.